गाढवावरचं सोंग

कोन, ता. भिवंडी
सोमवार, १७ मार्च २००८

चि. रामनाथ यास दादाचा सलाम.

मोबाइल बंद करून तू पडघ्याला सासऱ्यांच्या घरी जाऊन बसलास, म्हणून हा कागद. दूध घालायला येणारा हिरामण परत जाताना रिकाम्या कॅनसोबत घेऊन येईल. तू वाचणार नाहीस हे धरूनच लिहितोय. मैना, तू वाच. तुझा नवरा ऐकत नसल्याचं नाटक करत असेल तर जरा मोठ्याने वाच.

आधी कामाचं. चर्चला कुलूप मी लावलं, किल्ली माझ्याकडे आहे. तुझी एक चप्पल वीटभट्टीपाशी सापडली, दुसरी बहुधा माळेत गेली. गाढव सुखरूप आहे. त्याला कसलाही पश्चात्ताप झालेला दिसत नाही.

"गाढव आणू नकोस असं मी सांगितलं होतं" हे वाक्य मी या पत्रात लिहिणार नाही.

कालची तुला आठवण करून द्यायची हौस नाही. पण चर्चच्या पंचांचे प्रमुख चांगदेव यांनी पोलिसांसाठी जी हकिगत लिहिली आहे ती वाचून मला शंका आली की ते दुसऱ्याच मिरवणुकीत होते. तेव्हा मी पाहिलं ते असं. प्रभू यरुशलेमेत गाढवावर बसून आला. म्हणून अकरा वर्षं या मंडळीचा पाळक असलेल्या तुला यंदा वाटलं, झावळ्यांच्या रविवारी खरं गाढव हवं. ते भट्टीवरून आणलं. बसायचं ठरलेला पोरगा ऐन वेळी रडला, म्हणून पांढरा झगा घालून तूच बसलास. मागे आम्ही झावळ्या हलवत, होसान्ना म्हणत. नाक्यावर होळीची लाकडं जमवणारी पोरं उभी. त्यांना जावयाला बसवून फिरवायचं धुळवडीचं गाढव माहीत. होसान्नाचं त्यांच्या बापजाद्यांनी पाहिलेलं नाही.

"जावय आला रं, जावय आला!"

मग जुन्या चपलांची माळ, तव्याची काजळी, पत्र्याचा डबा बडवणं. त्यांच्यातल्या हरेशने बाही ओढली आणि झगा खांद्यापासून टराटरा फाटला. तोवर गाढवाने रोजच्या सवयीने भट्टीचा रस्ता धरलेला. तू उतरला नाहीस. उतरता आलं नाही की उतरायचं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी मागे वळून पाहिलं तेव्हा एवढ्या मोठ्या मिरवणुकीतले आम्ही सहा-सातजण उरलो होतो. बाकीच्यांना अचानक बाजारात कामं निघाली होती.

कोणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं. ब्लूटूथने ते दुपारच्या शिफ्टपर्यंत भिवंडीतल्या निम्म्या लूमवर पोचलं. साप्ताहिकात वीस वर्षं लोकांच्या टोप्या उडवणारं सदर लिहितोय मी. एवढे वाचक मला कधी लाभले नाहीत.

चांगदेवचा अर्ज सोबत आहे. माळ तुझ्या गळ्यात पडली, म्हणून फिर्यादी तू. चौकीतले साहेब म्हणतात, सही आली की हरेशसकट चौघांना उचलतो. तू सही कर किंवा त्या कागदाने दूध गाळ. पण जे करशील ते जेवून कर. मैना, तो जेवला का?

तुझा,
दौलतदादा

बुधवार, १९ मार्च

रामनाथ, सलाम.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "मी आता त्या वेदीपुढे उभा राहणार नाही. मी उपदेश करीन तेव्हा मंडळीला माझ्या गळ्यात चपलाच दिसतील. हाच राजीनामा समजावा." अर्जही परत आला, सही नसलेला. बरं झालं. राजीनाम्याचं म्हणशील तर तो दुधाच्या कॅनमधून आलेला स्वीकारता येत नाही. फाटला असं समजून मी ठेवून दिला आहे.

तुला वाटतं त्यांनी प्रभूची थट्टा केली आणि तू मध्ये सापडलास. मी या धंद्यातला माणूस आहे, माझं ऐक. थट्टा करणाऱ्याला समोरच्याचा देव नको असतो. त्याला चेहरा हवा असतो, पडलेला. देव बिचारा निमित्ताला. तू चेहरा पडघ्याला नेऊन ठेवलास तरी त्या व्हिडिओत तो आहेच, आणि एक सांगू? मी तो तीनदा पाहिला. त्यात तुझा चेहरा पडलेला नाही. काजळी फासलेली आहे, पण पडलेला नाही. मंडळीला तेच बघवलं नाही. तू रडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर लोकांना सोपं गेलं असतं.

चांगदेव सकाळी आला होता.

"दौलतराव, सही?"

"पाळक आजारी आहे."

"काय होतंय?"

"रविवारी नाक्यावर आपण सगळे पळालो, तेच होतंय."

"विनोद पुरे. दुसऱ्या कुणाच्या देवाला गाढवावर बसवलं असतं तर आज गावात संचारबंदी असती. आपणच काय माती खाल्ली?"

"त्यांनी कुठे बसवलं? प्रभू आपला आपण बसला होता. सगळे राजे घोड्यावरून येत होते, म्हणून हा मुद्दाम गाढवावरून आला. त्या दिवशीही लोक हसले असतील. हसावं म्हणूनच तर ते गाढव होतं."

"हे तुमच्या सदरात लिहा," तो म्हणाला आणि सलाम न करता गेला. त्याच्यावर मला हसता येईना. त्याचा मुलगा लूमवर आहे. त्याला रोज ड्युटीवर गेल्या गेल्या तो व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, "तेरा बाप किधर भागा?"

अर्ज मी पुन्हा वाचला. "आमच्या कोमल धार्मिक भावना" तीन वेळा आल्या आहेत. झगा फाडल्याचा उल्लेख एकदाही नाही. अंगाला हात लावला, त्याचा नाही. हसले, त्याचा आहे. मला हा अर्ज उलटा वाटतो. अंगावर हात टाकला त्याची फिर्याद करायची असेल तर मी तुझ्यासोबत चौकीवर येतो, लाजायचं कारण नाही. पण हसण्यासाठी पोलिस बोलवायचे, तर माझ्या घरासमोर वीस वर्षं गाडी उभी राहायला हवी होती.

शेजारच्या सीताबाई रोज विचारतात, "पाद्रीबाबा कवा येल?" हरेशची आई ती. चर्चचं पाणी तिच्या बोअरिंगचं. बंद करील असं वाटलं होतं. केलेलं नाही. हरेश मात्र समोरून येत नाही. पूर्णा गावातल्या गोडाऊनला कामावर मागच्या गल्लीने जातो. उचलला तर ती नोकरी गेली, हे त्यालाही कळतं.

गाव शांत आहे. काळजी करू नकोस.

दौलतदादा

गुरुवार, २० मार्च

रामनाथ,

हिरामणच्या टेम्पोत दूध टिकतं, बातमी टिकत नाही. "काका, म्या काय बोल्लो न्हाय, त्येंनी इचारलं म्हून सांगितलं," असं तो शपथेवर सांगतो. आणि तुझी एकच ओळ: "सोंगाचं का लपवलंस?"

होय, लपवलं. गाव शांत नाही. शनिवारी धुळवडीला पोरं सोंग काढणार आहेत. तेच गाढव, पांढरी चादर, बाभळीच्या काट्यांचा मुकुट, खांद्यावर लाकडाचा खांब. हरेश वर बसणार. बेंजोवाले सांगितलेत. नाक्यावरून निघून आपल्या चर्चपुढे थांबणार आणि तिथे म्हणे प्रभूचा "चमत्कार" करून दाखवणार, पाण्याची दारू. सोमवारी मला कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू रागात सही केली असतीस. राग दोन दिवसांत निघून जातो. सही जात नाही.

शिमग्यात या गावाने कुणाला सोडलंय? सरपंचाचं सोंग निघतं, सावकाराचं निघतं, देवांची तर दरवर्षी. मागल्या वर्षी शंकराचं सोंग दारात आलं तेव्हा सीताबाईंनी त्याचे पाय धुवून ओवाळलं होतं, आतला पोरगा त्यांचाच पुतण्या असून. आपण कुंपणाच्या आतून बघत होतो. अकरा वर्षांत आपल्या दारात सोंग थांबलेलं नाही. आता थांबणार आहे, तर हे असं.

आज प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो गुरुवार, पाय धुण्याची उपासना. पितळेचं घंगाळ भरून वेदीपुढे ठेवलंय. पाणी सीताबाईंनीच पाठवलं. धुणारा पाळक नाही. मी म्हटलं, मी धुतो. चांगदेव म्हणाला, "हा आठवडा पाय धुण्याचा नाही, पाय मोडण्याचा आहे." आणि मंडळीतली तरणी पोरं हसली, रामनाथ. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

घंगाळ तसंच भरलेलं आहे. मी झाकून ठेवलंय.

दौलत

उत्तम शुक्रवार, २१ मार्च

रामनाथ,

आज होळीही आहे. इकडे दुपारची उपासना, तिकडे नाक्यावर लाकडं रचणं, दोन्ही एकदम. तुझ्या जागी शास्त्रातला उतारा वाचायला मी उभा राहिलो. सैनिकांची गोष्ट माझ्या वाट्याला आली. प्रभूला जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट केला, हातात वेत दिला, मग गुडघे टेकून म्हणाले, राजा, तुझा जयजयकार असो. वाचता वाचता माझी जीभ अडखळली. अरे, हे सोंग आहे. झगा, मुकुट, काठी, पाया पडणं, सगळं सामान धुळवडीचं. आपण दरवर्षी हे खाली मान घालून ऐकतो, आमेन म्हणतो, आणि नाक्यावर तेच झालं की अर्ज लिहितो.

तेव्हा तो काय बोलला? काहीच नाही. त्याआधी एकाने थोबाडीत मारली तेव्हा मात्र त्याने सरळ विचारलं होतं, मला का मारतोस? म्हणजे मार बसला तर जाब विचारला, हसले तर विचारला नाही. हे मी आजपर्यंत शंभरदा ऐकलं असेल. आज मोठ्याने वाचावं लागलं तेव्हा कळलं.

पण वाचून झाल्यावर मागच्या खोलीत गेलो तर रविवारच्या झावळ्या तिथे. पाती सोलून काढलेली आणि दांडे तासून भिंतीला ओळीने उभे. चांगदेव म्हणाला, "सही आली नाही तर हे आहेत."

आता खरं सांगतो. मी भित्रा माणूस आहे. शब्दांनी ज्यांना मारलं ते कुणी उलट मारायला आले नाहीत, म्हणून मी इतकी वर्षं शूर दिसलो. आज ते दांडे पाहून मला वाटलं, तू सही करावीस. चार पोरं आत जातील, सोंग निघणार नाही, कुणाचं डोकं फुटणार नाही. मग वाटलं, सोमवारी त्यांची घरं आणि आपलं चर्च एकाच गल्लीत असतील, आणि पाणी एकाच बोअरिंगचं.

मला ठरवता येत नाही. थोरला असून येत नाही. अर्ज पुन्हा पाठवतोय. साहेब म्हणाले, सकाळी नऊच्या आत. हिरामणचा टेम्पो आठला पडघ्याहून निघतो. त्यात कॅनच्या बाजूला एका माणसाची जागा असते. यातलं काय पाठवायचं, कागद की माणूस, ते तू ठरव.

दादा

ईस्टर, २३ मार्च

चि. मैना हिस दौलतदादाचा सलाम. प्रभू उठला आहे.

हे पत्र तुला, कारण तुझा नवरा तुला काही सांगणार नाही. विचारलंस तर म्हणेल, "ठीक झालं." म्हणून मी लिहितो.

काल टेम्पोतून तो उतरला तेव्हा नऊ वाजून गेले होते. अंगात साधा शर्ट, खिशातून अर्ज डोकावतोय. चांगदेव धावला.

"आणली?"

"खिशात आहे."

"सही?"

"अर्ज."

चांगदेवने कागद ओढून पाहिला, सहीची जागा कोरी होती. मग तो मागच्या खोलीत गेला. दांडे उचलल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. तोवर बेंजोही ऐकू यायला लागला होता.

सोंग चर्चपुढे थांबलं. हरेश गाढवावर, चादर, मुकुट, गुलालाने माखलेला. पोरं ओरडत होती, "चमत्कार कर, चमत्कार!" त्याने चादरीत हात घालून क्वार्टर काढली. आमची पोरं दाराच्या आत, हातात दांडे, पुढे चांगदेव. मी दारात, आणि खरं सांगायचं तर दार कुठल्या बाजूने अडवायचं हे मला कळत नव्हतं. रामनाथ माझ्या मागून आत गेला. मला वाटलं, परत पळाला. तो बाहेर आला तो गुरुवारचं घंगाळ दोन्ही हातांत धरून. चांगदेवला म्हणाला, "बाजूला हो, सांडेल." आणि चांगदेव बाजूला झाला. घंगाळ घेतलेल्या माणसाला कोण अडवणार?

तो सरळ गाढवापाशी गेला. हरेशला वाटलं, रंगाचं पाणी आहे. "ए फादर, अंगावर नको हां, मोबाइल हाय खिशात!"

रामनाथने घंगाळ खाली ठेवलं, त्याचा लोंबणारा पाय धरला आणि ओंजळीने पाणी घातलं. मग दुसऱ्या पायावर. हरेशने पाय ओढून घ्यायला पाहिलं. "काय करता फादर? अरं, सोडा ना! ह्ये काय?" बेंजोवाला थांबला. कुणीतरी मागून हसला, पण एकटाच होता, त्यामुळे त्यालाच कसंतरी वाटलं. माझ्या मागे एक दांडा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

आणि तेव्हा सीताबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी आधी हरेशच्या हातातली क्वार्टर काढून घेतली.

"पाय धुतलं तुजं. आता तोंड सांभाल."

"आये, मस्करी हाय ती..."

"पाय धुतल्यावर मस्करी न्हाय. देवाचं सोंग हाय. सांजपर्यंत दारू न्हाय, शिवी न्हाय. चल, दारोदार जा."

मैना, इथली रीत अशी आहे. देवाचं सोंग घेतलेल्याचे पाय एकदा कुणी धुतले की सोंग उतरेपर्यंत तो देवच. त्याला देवासारखं वागावं लागतं. म्हणून पोरं सहसा चेष्टेच्या सोंगाचे पाय कुणाला धुऊ देत नाहीत. हरेश अडकला. धुळवडीच्या दिवशी, भर उन्हात, अख्खं गाव पीत असताना, तो घसा कोरडा घेऊन गाढवावर बसून दारोदार फिरला, आणि बायका त्याच्या पायांवर पाणी घालत होत्या. त्याचेच सोबती त्याच्यावर हसत होते. मी वीस वर्षं लिहितोय, इतकं चांगलं मला कधी सुचलेलं नाही.

मी रामनाथला विचारलं, "तुला ही रीत ठाऊक होती?"

"कसली रीत?"

"पाय धुण्याची."

"गुरुवारचं राहिलं होतं," तो म्हणाला. "कुणाचे तरी धुवायचे होते."

सगळं गोड झालं असं समजू नकोस. चांगदेवने दांडा टाकून दिला तो रागाने. म्हणाला, "तुम्ही त्यांच्या सोंगाला देव म्हणालात. भर रस्त्यात." आज पहाटे दफनभूमीतल्या उपासनेला त्याच्या घरचं कुणी नव्हतं. त्याचं सगळंच चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या मुलाला उद्याही लूमवर जायचं आहे. रामनाथ आज दुपारी त्याच्या घरी जाणार आहे. दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.

हरेशने माफी मागितलेली नाही. पण काल दिवेलागणीला चर्चच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. बघतो तर हा, चादर आणि मुकुटासकट उभा.

"काय रे?"

"आय घरात घेत न्हाय. बोलते, आधी सोंग उतरव." मग माझ्यावरून नजर काढून रामनाथकडे बघत म्हणाला, "आमच्या देवाचं सोंग आम्ही नारल फोडून उतरवतो. तुमच्या देवाचं कसं उतरवायचं, फादर?"

रामनाथ उठून त्याच्यापुढे आला. मला वाटलं आता उपदेश येतो.

"मला नाही माहीत, हरेश," तो म्हणाला. "आठवडाभर पडघ्याला बसून मी माझं उतरवून बघत होतो."

मग त्याने त्याला बाकावर बसवलं. मुकुटाचे काटे केसांत अडकले होते. एकेक बट सोडवत तो हळूहळू काढत होता, आणि हरेश डोळे मिटून दात आवळत बसला होता. शिवी देता येत नव्हती ना. कपाळावर दोन ठिकाणी रक्त आलं होतं. ते रामनाथने आपल्या शर्टाच्या बाहीने पुसलं.

जाताना हरेश दारात थांबला. "झगा फाटला तो माझ्या हातनं," एवढंच म्हणाला आणि गेला.

तर मैना, रामनाथ तुझ्याकडे ठेवून आलाय तो झगा उद्या हिरामणसोबत पाठवून दे. शिवला नसशील तर तसाच पाठव. सीताबाई म्हणतात, बाही त्या लावून देतील.

दौलतदादा